सूत किलोवर, चादर नगावर: घरच्या संग्रहाची यादी करून घेतली, त्याबद्दल

दाजी पेठेतलं आमचं माहेरचं घर उतरवायचं ठरलं तेव्हा माळ्यावर नेमकं काय काय आहे, हे आम्हा चौघा भावंडांपैकी एकालाही सांगता येईना. माळवदाचं जुनं घर. आजोबा तेलंगणातून सोलापुरात आले ते हातमागावर बसायला. वडिलांनी पुढे यंत्रमाग घातले, जकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी उमटणाऱ्या, चादरी काढल्या, थोडे टॉवेल काढले. माग बंद झाले तसं सगळं सामान वर चढत गेलं. मागावर आडवा धागा नेणारे धोटे, त्यांत बसणाऱ्या सुताच्या कांड्या, मागाच्या फण्या, सुताच्या लड्या, खळीची घंगाळं, वडिलांच्या खतावण्या, अव्वाची म्हणजे आजीची गोधडी, सगळं एकावर एक. घर पाडणारा कंत्राटदार म्हणाला, "आठ दिवसांत रिकामं करा." धाकटा भाऊ म्हणाला, भंगारवाल्याला बोलावू. मी नाही म्हणाले. एकतीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली आहेत. यादी केल्याशिवाय एकही वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझ्या हाडात आहे.

म्हणून घरगुती आणि छोट्या संग्रहांची फोटोंसह यादी करून देणारी बाहेरगावची एक संस्था बोलावली. नाव देत नाही, कारण जी चूक झाली ती त्यांनी बिनतक्रार निस्तरली. पण जे घडलं ते सांगायलाच हवं. आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या माळ्यावर, वाड्यात, मंडळाच्या कपाटात असं सामान आहे आणि आज ना उद्या कुणीतरी त्याची यादी करणार आहे. आधी निकाल सांगते: फोटो आणि हाताळणी पाचपैकी पाच, पहिली यादी पाचपैकी दीड, दुरुस्त यादी साडेचार.

पहिले दोन दिवस फार चांगले गेले. एक मुलगा आणि एक मुलगी आली होती, दोघंही पंचविशीतली. पांढरी चादर अंथरली, दोन बाजूंनी दिवे लावले, प्रत्येक वस्तूशेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवून फोटो काढले. धोट्यावरची धूळ मऊ कुंचल्यानं झटकली, पाणी लावलं नाही. कापडावर नंबर टाकायची वेळ आली तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्यांनी चिकटपट्टी काढलीच नाही. सुती फितीच्या तुकड्यावर नंबर लिहिला आणि कडेला दोन सैल टाके घालून ती फीत शिवली. लाकडाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली. सुट्या केलेल्या हातमागाला त्यांनी एकच नंबर दिला आणि त्याच्या भागांना खाली अ, आ, इ अशी अक्षरं दिली. माग एक, भाग अनेक. हे त्यांना बरोबर कळलं होतं, म्हणून पुढचा प्रकार मला जास्त लागला.

तीन आठवड्यांनी संगणकावर यादी आली. एकूण नोंदी ४१२. मी चहा घेऊन बसले आणि पहिल्या पानावरच हातातला कप खाली ठेवला.

नोंद ९. वस्तू: पांढरं कापड.

फोटो बघितला. बाराबंदी! शेजारच्या घरातून सांभाळायला आलेली, छातीवर नाड्या बांधायची पांढरी बाराबंदी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा ती घालून निघालेली माणसं सोलापुरातल्या लहान मुलालाही ओळखता येतात. गड्ड्याच्या (या जत्रेच्या) दिवसांत गल्लोगल्ली दिसणारा हा अंगरखा यादीत "पांढरं कापड" झाला होता. उद्या कुणी "बाराबंदी" म्हणून शोधलं तर ती सापडणार नाही आणि "कापड" म्हणून शोधलं तर चाळीस चिंध्यांच्या गर्दीत निघेल.

मग एकेक ओळ वाचत गेले. "वस्तू: लाकूड" अशा ३८ नोंदी. त्यात धोटे होते, फणीच्या चौकटी होत्या, चरखा होता, कांड्या भरायचं चाक होतं. "वस्तू: मोर" अशी एक नोंद, ती जकार्डच्या, भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ होती. तिच्यावरची नक्षी मोराची, म्हणून वस्तू मोर. आणि "साहित्य" या रकान्यात काय लिहिलं होतं? धोटा, कांडी, फणी!

इथे मला पहिल्यांदा त्या पोरांची चूक नाही हे कळलं. रकान्याचं नावच फसवं होतं. इंग्रजी तक्त्यातल्या "मटेरियल"चं त्यांनी "साहित्य" केलं होतं. आता मराठीत साहित्य म्हटलं की माणूस काय समजतो? पूजेचं साहित्य म्हणजे ताम्हण, पळी, पंचपात्र, निरांजन. स्वयंपाकाचं साहित्य म्हणजे डाळ, तांदूळ, तेल, मीठ. बांधकामाचं साहित्य म्हणजे विटा, वाळू, सिमेंट. विणकामाचं साहित्य म्हणजे धोटा आणि फणी. एकाच शब्दात हत्यार, कच्चा माल आणि सरंजाम तिन्ही बसतात. मुलानं माझ्या थोरल्या भावाला विचारलं असणार, "काका, याचं साहित्य काय?" आणि भावानं खऱ्याला स्मरून उत्तर दिलं असणार.

भांड्यांचा घोळ तर विचारू नका. सात तांबे होते आणि सातांपुढे "तांबे" लिहिलं होतं. वस्तू तांब्या, मग तांब्याचाच असणार, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात तीन तांब्याचे, दोन पितळेचे, एक स्टीलचा आणि एक जर्मलचा. नाव धातूवरून पडलं, धातू बदलला, नाव राहिलं. आपल्या गावात तर हे एका भाषेपुरतं नाही. आमच्या घरात तेलुगूत त्याला चेंबू म्हणतात, शेजारच्या कानडी घरातही चेंबूच म्हणतात, आणि तमिळमध्ये त्याच शब्दाचा अर्थ तांबं असाही होतो. पितळीचं तसंच. उभ्या काठाच्या ताटलीला आपण पितळी म्हणतो, "स्टीलची पितळी" असं बिनदिक्कत म्हणतो, आणि यादीत पितळी हा शब्द विशेषण समजून साहित्याच्या रकान्यात गेला होता. वस्तूचा रकाना रिकामा. नोंद १३१ होती "तांब्याचं झाकण". ही ओळ मी तीनदा वाचली. तांबं या धातूचं झाकण की तांब्या या भांड्याचं झाकण? मराठीत विभक्ती लागली की दोन्हींचं रूप एकच होतं. फोटोत झाकण पिवळंधमक पितळेचं होतं. म्हणजे भांड्याचं. पण ज्याच्यासमोर फोटो नसेल त्यानं काय समजायचं?

आणि जर्मलचं पातेलं. मोठ्या वहिनींनी सांगितलं "जर्मलचं", मुलानं सुधारून लिहिलं "जर्मन सिल्व्हर". जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदी औषधालाही नसते. आपण ज्याला जर्मल म्हणतो ते निव्वळ अ‍ॅल्युमिनियम. एक शब्द जरा नीटनेटका केला आणि वस्तू दुसऱ्या धातूची झाली.

पण खरा प्रश्न उभा राहिला तो बिलावरून. दर ठरला होता नगाला १२० रुपये. ४१२ नगांचे ४९,४४० झाले. रकमेनं मी घाबरले नाही. घाबरले ते नग कसे मोजले हे बघून. सुताच्या ९६ लड्या म्हणजे ९६ नग. अंगणात रचलेल्या ५८ शहाबादी फरश्या म्हणजे ५८ नग. गोधडी एक नग, आणि तिच्यात दिसणारं लुगडं, धोतर आणि पिठाची पिशवी हे आणखी तीन नग.

फोन केला. मुलगी म्हणाली, "मॅडम, सुटी वस्तू दिसली की आम्ही मोजतो." मी म्हटलं, "बाळ, लडी ही वस्तू नाही. ते माप आहे."

वडिलांची १९५८ ची खतावणी माझ्यासमोर उघडीच होती. डाव्या बाजूला आलेलं सूत, तिथे आकडे पौंडांत. उजव्या बाजूला गेलेला माल, तिथे चादरी, आकडे नगांत. कापड असेल तिथे वार. त्यांना वर्गीकरणाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण सूत कधी नगावर लिहिलेलं मला एका पानावर सापडलं नाही. लडी ८४० वारांची. एका पौंडात अशा वीस लड्या बसल्या तर ते वीस नंबरचं सूत, चाळीस बसल्या तर चाळीस नंबरचं. म्हणजे सुताचा नंबरच मुळी लडीच्या मापावर उभा आहे. लडी मोजायची ती किती सूत आहे हे कळण्यासाठी.

पण ९६ पैकी ५ लड्या मी बाजूला काढल्या होत्या, आणि हे मला त्या मुलीला समजावून सांगावं लागलं. या पाच रंगवलेल्या. प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर वडिलांच्या अक्षरात रंगाचं नाव, रंगाऱ्याचा खुणेचा आकडा आणि "दोन धुण्यांनंतर". रंग उतरतो का हे बघण्यासाठी ठेवलेले ते नमुने. त्या पाच सूत राहिल्या नाहीत, त्या नमुना-लड्या झाल्या. कुणीतरी त्यांना एक काम दिलं, नाव दिलं आणि राखून ठेवलं. तर ९१ लड्यांची एक नोंद, "सूत, ९१ लड्या" अशी, आणि या पाचांच्या पाच नोंदी. त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तेच सूत कधी माल आहे आणि कधी वस्तू?" अगदी बरोबर, म्हटलं.

"आम्ही आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतो," असं त्यांच्या माहितीपत्रकात होतं. मी म्हटलं, मग ती पद्धतच बघू. अमेरिकेतल्या गेटी संशोधन संस्थेचा कला आणि वास्तुकला यांचा एक मोठा शब्दकोश आहे. १९९० मध्ये तो पहिल्यांदा तीन खंडांत छापला गेला. आता तो इंटरनेटवर फुकट आहे आणि २०१४ पासून त्याची सगळी माहिती कुणालाही वापरायला खुली आहे. त्याची मांडणी अंगांची आहे, म्हणजे शब्द कशाचं नाव आहे यावरून पाडलेल्या मोठ्या गटांची. कल्पना, भौतिक गुणधर्म, शैली व काळ, माणसं व संस्था, क्रिया, द्रव्यं (वस्तू ज्यांची बनते ती) आणि वस्तू, ही त्याची मूळची सात अंगं. द्रव्यं एका अंगात, वस्तू दुसऱ्या. एकच शब्द दोन्हीकडे लागत असेल तर त्याच्यापुढे कंसात खुलासा देऊन दोन वेगळ्या नोंदी होतात. ब्रिटनमध्येही उत्खननात सापडणाऱ्या वस्तूंची शब्दसूची निराळी आणि बांधकामाच्या द्रव्यांची निराळी ठेवली आहे. अमेरिकी संग्रहालयांसाठी रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ मध्ये जी नामावली केली ती तर वस्तू कशासाठी बनवली यावर लावलेली. तिथे लाकडाचा धोटा आणि प्लास्टिकचा धोटा एकाच जागी बसतात, विणकामाच्या अवजारांत, कारण दोघांचं काम एक.

वाचताना मला आमच्या ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांची आठवण होत राहिली. पुस्तकं विषयवार लावायचं त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण १९३३ चं. पुढे त्यांनी विषयाची पाच मूलभूत अंगं सांगितली: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काळ. द्रव्य हे अंग आलं की त्याच्याआधी अर्धविराम द्यायचा. विद्यार्थिनी असताना तो अर्धविराम विसरला म्हणून माझे गुण कापले होते, तो आजही आठवतो. वस्तू म्हणजे काय आणि ती कशाची, यांच्यामध्ये एक खूण हवी, हे मद्रासच्या ग्रंथपालानं आपल्याला किती आधी सांगून ठेवलं होतं.

इंग्रजीत यासाठी एक सोपी कसोटी चालते. "किती नग" आणि "किती प्रमाणात" हे तिथे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोजता येणारं नाम अनेकवचनात लिहायचं, न मोजता येणारं एकवचनात, आणि त्यावरून वस्तू आणि द्रव्य ओळखू येतं. मराठीत हे जमत नाही. आपण दोन्हींना "किती?" एवढंच विचारतो. शिवाय "दगड"चं अनेकवचन "दगड"च. त्यामुळे इंग्रजी तक्ता जसाच्या तसा मराठीत उतरवला की कसोटी वाटेत गळून जाते. आमच्या यादीचं तेच झालं होतं.

मी आणि त्या मुलीनं मिळून मराठीपुरती सोय केली. दोन संध्याकाळी फोनवर, यादी समोर ठेवून. सगळ्यात आधी रकान्यांची नावं काढून तिथे प्रश्न लिहिले. "साहित्य" गेलं, तिथे आलं "कशाचं बनलंय?". "वस्तू" गेलं, तिथे आलं "हे काय आहे?". एवढ्यानंच निम्मी यादी सुधारली. थोरल्या भावाला पुन्हा विचारलं, "दादा, हे काय आहे?" तर म्हणाला धोटा. "कशाचं बनलंय?" तर म्हणाला लाकूड, टोकाला लोखंड. मी धोटा हातात घेऊन उजेडात धरला. वीतभराहून थोडा मोठा, मधे कांडी बसायची पोकळी, आणि सूत जिथून बाहेर येतं तिथे शर्टाच्या गुंडीएवढा पांढरा गुळगुळीत डोळा. तो चिनीमातीचा. दिवसभर सूत घासून लाकडाला चर पडू नये म्हणून बसवलेला. तर त्या एका धोट्याची तीन द्रव्यं झाली: लाकूड, लोखंड, चिनीमाती. पहिल्या यादीत तो नुसता "लाकूड" होता.

"चा-ची-चे" लावून बघायची कसोटी आम्ही आधी घेतली, पण ती फसते. पितळेचा तांब्या आणि पाण्याचा तांब्या, दोन्ही बरोबर मराठी. त्यापेक्षा विशेषण करून बघणं बरं पडलं. सूत, सुती. लोकर, लोकरी. रेशीम, रेशमी. लाकूड, लाकडी. लोखंड, लोखंडी. असं विशेषण होतं त्या शब्दाला द्रव्याच्या रकान्यात बसवायचं. चादर, फणी, धोटा यांचं तसं होत नाही. तांब्याच्या बाबतीत मात्र आम्ही ठरवून टाकलं: धातू लिहायचा तेव्हा "ताम्र" लिहायचं, भांडं लिहायचं तेव्हा "तांब्या". थोडं पुस्तकी वाटतं, पण "तांब्याचं झाकण" पुन्हा होणार नाही.

टॉवेलपुढे "टेरी" आणि चादरीपुढे "जकार्ड" लिहिलं होतं तेही काढलं. दोन्ही सुतीच. टेरी ही विणण्याची रीत आहे. त्यात ताणे (उभे धागे) दोन असतात, एक ताणलेला आणि एक सैल, आणि सैल ताण्याचे फासे वर येतात. जकार्ड म्हणजे पत्त्यांच्या भोकांवरून ताण्याचे धागे उचलणारं यंत्र, आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला एकेक पत्ता. त्यासाठी "कसं बनवलंय?" असा तिसरा प्रश्न घातला, आणि मोराला "नक्षी" असा चौथा.

जाता जाता एक सांगते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना जे भौगोलिक मानांकन आहे ते, नोंदणीसाठी मालाचे जे वर्ग पाडले आहेत त्यांतल्या चोविसाव्या वर्गात. त्या वर्गात थानातलं कापडही येतं आणि पलंगावरची चादरही. सूत तेविसाव्यात, तयार कपडे पंचविसाव्यात. व्यापाराच्या चिन्हांसाठी तेवढं पुरतं. म्हणून ते वर्ग उचलून घरच्या यादीला लावू नका, तिथे कापड आणि चादर वेगळी निघणार नाहीत.

आता गोधडी. हिच्यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. अव्वानं शिवलेली, साडेपाच फूट बाय चार फूट. वरचा थर तिच्या इरकली लुगड्याचा, गडद हिरवा, काठ लाल. खालचा आजोबांच्या धोतराचा. मधे पिठाच्या गिरणीची पिशवी, छपाईची निळी अक्षरं अजून वाचता येतात. टाके पांढऱ्या दोऱ्याचे, बाहेरून आत येत गेलेले, कोपऱ्यांवर रंगीत कापडाचे छोटे त्रिकोण. मुलगी म्हणाली, "मावशी, लुगडं ही वस्तूच आहे ना? मग वेगळी नोंद का नको?" (दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी मॅडमची मावशी झाले होते.) प्रश्न खरा होता. ते लुगडं अव्वा नेसलेली मला आठवते. त्याचा पदर धरून मी रुपाभवानीच्या देवळात गेले आहे. तरीही मी म्हटलं, नको. ज्या दिवशी अव्वानं ते मधोमध फाडून अंथरलं त्या दिवशी तिनं स्वतःच ठरवलं की आता हे लुगडं नाही, गोधडीचं कापड आहे. नोंद अशी झाली. हे काय आहे: गोधडी. कशाचं बनलंय: सुती कापड, रेशीम, सुती दोरा. कसं बनवलंय: हाताची शिवण. आणि शेरा: वरचा थर इरकली लुगड्याचा, खालचा धोतराचा, मधे पिठाची पिशवी, लुगडं आजीचं.

रेशीम कुठून आलं? इरकलीचं अंग सुती असतं पण पदर रेशमाचा विणतात, आणि अव्वानं पदराचा तुकडा एका कडेला लावला होता. पहिल्या यादीत हे कुठेच नव्हतं. ही बारीकसारीक गोष्ट नाही. रेशीम आणि लोकर हे कसरीचं आवडतं खाद्य, सुताला ती तितकी लागत नाही. पहिल्या यादीत मी "लोकर" शोधलं तेव्हा एकही नोंद आली नाही, कारण चारही घोंगड्यांपुढे द्रव्य म्हणून "घोंगडी" असंच लिहिलं होतं. दुरुस्त यादीत "लोकर" टाकल्यावर चार घोंगड्या आणि आजोबांची कानटोपी निघाली, "रेशीम" टाकल्यावर गोधडी आणि दोन पातळं. त्या आठ वस्तूंची पेटी आम्ही त्याच दिवशी वेगळी केली. कानटोपीच्या घडीत कसर लागायला सुरुवात झालीच होती.

दुसरा उपयोग चोरीच्या वेळचा. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९७ मध्ये जगभरासाठी एक छोटा नमुना ठरला, ऑब्जेक्ट आयडी नावाचा. त्यातही वस्तूचा प्रकार हा एक प्रश्न आणि द्रव्य व तंत्र हा दुसरा. पोलिसांना "पितळी चोरीला गेली" एवढं सांगून काय कळणार?

सुधारून आलेल्या यादीत २६२ नोंदी. १५० कमी झाल्या: लड्यांच्या ९०, फरश्यांच्या ५७, गोधडीतल्या ३. बिल ३१,४४० रुपये. संस्थेनं १८,००० रुपये कमी करताना एका शब्दानंही कुरकुर केली नाही, दुरुस्तीच्या पाच आठवड्यांचे वेगळे पैसे लावले नाहीत, आणि त्यांच्या छापील तक्त्यातही "कशाचं बनलंय?" असं बदलून घेतलं. म्हणून साडेचार. अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी की गावातल्या शब्दांसाठी गावातलं माणूस सोबत घ्यायची त्यांची पद्धत नाही. बाराबंदीपाशी कुणी सोलापूरकर उभा असता तर ती नोंद पहिल्या दिवशीच बरोबर झाली असती.

तुम्ही असं काम कुणाला देणार असाल तर दर बोलण्याआधी नग कशाला म्हणायचं हे लिहून घ्या. मापानं मोजायचं सामान एका नोंदीत, असं स्पष्ट लिहा. रिकामा तक्ता आधी मागवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा. त्यांना रकान्याचं नाव वाचून जे वाटेल तेच त्यात भरलं जाणार आहे. दहा वस्तूंची नमुना यादी करून घ्या, त्यात एक भांडं, एक कापड आणि एक अवजार असू द्या. घाईचं काम असेल तर ही संस्था उपयोगाची नाही, दोन दिवस घरात आणि वर तीन आठवडे लागतात. पण हाताळणीत त्यांच्यासारखं काम मी अजून पाहिलेलं नाही, आणि कापडाचा संग्रह असेल तर मी पुन्हा त्यांनाच बोलावीन.

फरश्यांचं सांगायचं राहिलं. ५८ पैकी ५७ कंत्राटदारानं चौरस फुटांवर नेल्या, ट्रॉलीत उभ्या रचून. एक मी ठेवली. ती वडिलांच्या मागाशेजारची. तिच्यावर त्यांनी खिळ्यानं ओढलेल्या रेघा आहेत, चार उभ्या आणि एक आडवी, अशा रांगाच्या रांगा. दिवसाला निघालेल्या चादरींचा तो हिशेब. यादीतली ती शेवटची नोंद, क्रमांक २६२. "कशाचं बनलंय?"पुढे शहाबादी दगड लगेच लिहिला. "हे काय आहे?"पुढे काय लिहायचं यावर मुलगी अडली, तेव्हा थोरल्या भावानं माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "हिशेबाची फरशी लिही."